ब्राह्मणपाऱ्यातून इरावती

रायपूरच्या सगळ्या एफएम स्टेशनांवर साधारण तीच गाणी वाजतात. आमच्या स्टेशनवर जे हिट, तेच पंडरी भागातल्या दुसऱ्या स्टेशनवर, फार तर थोडं मागेपुढे. त्यामुळे लढाई असते ती दोन गाण्यांच्या मधल्या जागेसाठी. कोण जास्त हसवतं, कोण कुकर देतं. होळीला आई गेली, तेव्हापासून ही मधली जागा ऐकणं हेच माझं काम होतं. चौबे कॉलोनीतल्या घरात सकाळी पोहे परतताना मोबाइलवर पंडरीचं स्टेशन लावायचं, आणि ऑफिसात जाऊन सांगायचं की दुश्मनाने आज काय केलं.

त्याआधी दुपारचा शो माझा होता. माइकसमोर शहराशी बोलू नये, एकाच माणसाशी बोलावं, असं आम्हाला शिकवतात. माझं ते एक माणूस म्हणजे आई. ओट्यावरच्या रेडिओच्या आवाजाचं बटण कधीचंच तुटलेलं. उरलेली दांडी ती सांडशीत धरून फिरवायची. माझा शो लागला की आवाज पूर्ण मोठा करून स्टूल ओढून बसायची. ती गेल्यावर मी एकदा माइक उघडला, आणि एक शब्दही न बोलता गाण्यावर गाणं लावून वेळ संपवली.

आमचे प्रमुख गौतम सर समजूतदार, पण त्यांच्याही वर माणसं होती.

"अनु, मी त्यांले अजून थांबवून राहिलो," ते म्हणाले. "सोमवारी तू नाही बसली, त दुपारचा शो इंदूरहून येईन. मंग रायपूरचं काय राहिलं आपल्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडरीच्या स्टेशनवर गाणं ओळखायची स्पर्धा लागली. सुरावटीचा निसटता तुकडा, मग फोन.

"कौन बोल रही हैं?"

"इरावती. ब्राह्मणपारा से."

उत्तराआधी घसा खाकरल्याचा आवाज. मग गाण्याचं नाव, अगदी बरोबर. मी गॅस बंद केला.

इरावती हे आईचं माहेरचं नाव, आणि आवाजही तिचाच होता. लग्नात तांदळावर नाव लिहून तिची सुशीला झाली, आणि जुनं नाव ब्राह्मणपाऱ्यातल्या घरीच राहिलं. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना आमच्या स्पर्धेत भाग घेता येत नाही. "तुमी नाही देत, त मी दुश्मनाकडून घेते," असं म्हणत ती त्या नावाने तिकडे फोन लावायची. म्हणजे तिचे जुने फोन त्यांच्याकडे रेकॉर्ड केलेले असणारच. फोन येईनासे झाले की जुनेच पुन्हा लावायचे, ही आमच्या धंद्यातली रोजची लबाडी. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फक्त ते गाणं नवं होतं, मागच्या शुक्रवारीच आलेलं.

मी पंडरीला गेले. तिथे स्पर्धेचे फोन शिशिर घेतो. पूर्वी तो आमच्याकडे होता.

"जासूसी करने आई हो, दीदी?" तो हसला. मग माझा चेहरा पाहून त्याने खुर्ची पुढे केली. "इरावती आंटी? वो तो रोज़ लगाती हैं. जीतती भी हैं, पर इनाम लेने कभी नहीं आतीं."

दारामागे रंगीत कागदात गुंडाळलेले कुकर एकावर एक रचून ठेवले होते.

"आजचा फोन पूर्ण ऐकव," मी म्हणाले. "न कापलेला."

त्याने हेडफोन दिला. आधी त्याचाच आवाज आला, "आंटी, पहले रेडियो की आवाज़ कम कीजिए, सीटी आ रही है." फोनजवळ रेडिओ मोठा असला की लाइनीत अशी शिट्टी घुसते.

"नाही करत," आई म्हणाली. "माही पोट्टी बोलून राहिली."

"यहाँ से काट देता हूँ," शिशिर म्हणाला. "पीछे आपका ही स्टेशन बजता है न. दुश्मन को फोकट में क्यों सुनवाऊँ?"

मी पुन्हा ऐकलं. शिट्टीच्या मागे एक बाई बोलत होती. तो आवाज माझा होता.

"आई, आवाज थोडा कमी कर."

मी माइकवर हिंदी बोलते. मराठी कधीच बोललेले नाही.

नंबर दाखवायला शिशिरने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. खाली एका टेम्पोतून कापडाचे गठ्ठे उतरत होते.

सोमवारी निघताना ओट्यावरच्या रेडिओची तार मी काढून ठेवली. सांडशी खिळ्याला अडकवली. घराला कुलूप घातलं. ते 'आवाज कमी कर' मी माइकवर म्हटलं नाही, की तो फोन खोटा ठरणार होता. एवढं साधं होतं ते.

दुपारी माइकसमोर बसले. काचेपलीकडे गौतम सर हाताची घडी घालून उभे होते. लाल दिवा लागला.

"नमस्ते रायपुर," मी म्हणाले. पुढे काय बोलायचं ते समोर लिहिलेलं होतं. कोणाशी, ते नव्हतं.

सरांनी हातानेच विचारलं, काय झालं?

तेव्हा कानात शिट्टी सुरू झाली.

आधी बारीक. मग दात शिवशिवतील अशी.

मी फोनच्या दिव्यांकडे पाहिलं. एकही लाइन उघडी नव्हती. सर तसेच उभे होते. त्यांच्याही कानाला हेडफोन होता, आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

हेडफोन काढायला मी हात वर नेला. काढला नाही.

"आई," मी म्हणाले, "आवाज थोडा कमी कर."

सरांनी चमकून मान वर केली.

शिट्टी उतरू लागली. एकदम नाही. दांडी निसटावी, पुन्हा धरावी, तशी थांबत थांबत.

मग ओट्यावर सांडशी ठेवल्याचा आवाज आला. आणि स्टूल ओढल्याचा.