डाव्या हाताची वीण

“लाल नको हो. सरांना लाल रंग उठून दिसत नाही.”

मी स्टुलावर उभी होते. हातात क्रोशाने विणलेला मफलर आणि समोर जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला हाडांचा सांगाडा. तोच बोलला असं वाटून माझी बोबडी वळली. स्टूल डगमगलं... आणि मागून कुणीतरी ते घट्ट धरलं.

“सांगाडा नाही, मी बोललो,” पांढऱ्या कोटातला तरुण म्हणाला. जाड चष्मा, डाव्या हातात पेन. तो इथला प्रयोगशाळा सहायक. मुलं त्याला भिंग म्हणायची आणि सांगाड्याला सर, हे मला नंतर कळलं. “तुम्ही कोण? सरांच्या नात्यातल्या?”

“लोकरवाली. कँटीनबाहेर टेबल लावते.”

“ते रिकामं असतं, ते?”

अस्सा राग आला! पण खोटं नव्हतं. टेबल मूळचं मावशीचं. तिने जन्मभर विणलं, मला शिकवलं आणि गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिचा धंदा मी कॉलेजच्या मुलांपुढे आणून मांडला. पोस्टरं लावली, फोनवर पेज काढलं, मैत्रिणीला टोपी घालून वर्गावर्गांतून फिरवलं. मुली टोपी हातात घ्यायच्या, “किती गोड!” म्हणायच्या आणि होती तिथे ठेवून द्यायच्या. बाबांनी बजावलं होतं, की कॉलेजची परीक्षा सुरू होईपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर मावशीची लोकर कुणाला तरी देऊन टाकायची आणि मुकाट्याने त्यांच्या मित्राच्या ऑफिसात जायचं. म्हणून ही शक्कल. सांगाड्याने मफलर घातला तर मुलं निदान फोटो तरी काढतील.

भिंगने चष्मा काढून खिशात ठेवला. “घाला. आता मला काही दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापुढे घोळका. “सरांसारखे हातमोजे आहेत?”

“मफलर म्हणायचंय तुला.”

मुलीने फोन पुढे केला. लाल मफलर होताच, पण सरांच्या हाडाच्या हातांत निळे मोजेही होते. मी ते विणले नव्हते.

धावत प्रयोगशाळेत गेले. मोजा उलटसुलट करून पाहिला. टाके उलट्या अंगाला कललेले. डावखुऱ्या माणसाने विणलं तरच असे पडतात, आणि मी विणते उजव्या हाताने. वळून पाहिलं तर भिंग डाव्या हाताने एका बरणीवर नाव लिहीत होता. मी गालातल्या गालात हसले.

“छान आहेत मोजे.”

“हो ना...” तो कानापर्यंत लाल झाला. “विणणाऱ्याचा हात फार चांगला आहे.”

स्वतःचंच कौतुक! आगाऊच दिसतो, असं मनात म्हटलं, आणि तो मला आवडून गेला.

मग रोज काहीतरी नवीन. कधी निळी टोपी, कधी बरगडीत खोचलेलं फूल. कॉलेजला सरांचं वेड लागलं. “सरांसारखी टोपी”, “सरांसारखं फूल”, मी दिवसभर नकला विणत बसायचे, आणि नमुना पाहायचा म्हणून सारखी वर प्रयोगशाळेत जायचे. त्या खोलीत भर दुपारी गारठा असायचा. बरण्यांतले जीव काचेला डोळे लावून बसलेले. सरांचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवलं तरी सकाळी ते खिडकीकडे असायचं. खिडकीतून बरोबर माझं टेबल दिसतं. मला वाटायचं, हाही भिंगचाच चावटपणा.

“पुन्हा सरांना भेटायला?” तो विचारायचा.

“मग आणखी कुणाला?”

“नाही... सरांचं नशीब, एवढंच म्हणतो.”

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. माझ्यासाठी हा माणूस गुपचूप विणतोय, माझं टेबल तरावं म्हणून जागतोय, या कल्पनेनेच मी विरघळत होते. मी प्रेमात पडले होते, सरळ सांगते.

परीक्षा तोंडावर आली. एका ढगाळ दुपारी मी त्याच्या डाव्या हातात क्रोशाची सुई ठेवली. “आता माझ्यासमोर विण. नुसती साखळी घाल.”

त्याने सुई परीक्षानळीचा ब्रश धरावा तशी धरली. “मला कुठे येतंय?”

“नाटक पुरे.”

“नाटक कसलं? तू विणतेस ना सगळं?” तो गोंधळला. “मला वाटलं, तुला इथे यायला निमित्त हवं असतं, म्हणून तू शिपाईकाकांना पटवून सकाळी आधी येऊन जातेस. मी तर त्या आशेवर रोज...”

आम्ही दोघांनी हळूच सरांकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते.

माझ्या ओळखीत डावखुरी विणणारी एकच होती.

घरी जाऊन मावशीचं कपाट उघडलं. तिने शेवटी हातात घेतलेला निळा गुंडा मी तसाच ठेवला होता, तिच्या सुईसकट. हात लावायचा धीर झाला नव्हता. तो नारळाएवढा गुंडा आता लिंबाएवढा उरला होता. भीती वाटली, खूप वाटली. पण रडू आलं ते वेगळ्याच कारणाने. इतके दिवस मी ज्याचे लाड मिरवत होते, ते त्याने केलेच नव्हते.

सकाळी उठल्याबरोबर कपाट पाहिलं. सुई होती, लोकर संपली होती.

प्रयोगशाळेच्या दारातच भिंग उभा होता, पांढराफटक. “आजचं बघ.”

सरांच्या तळहातावर एक विचित्र हातमोजा होता. एकच मोजा, पण दोन्हीकडून उघडा. दोन माणसांनी दोन बाजूंनी हात घालून आत एकमेकांचे हात धरावेत, असा.

“तू काही विणलं नव्हतंस,” मी म्हटलं. “आणि मीही तुझ्यासाठी काही केलं नव्हतं. आपण दोघंही उगाचच...”

“उगाच?” तो रागावला. पहिल्यांदाच. “मोजे कुणीही विणले असोत. रोज दाराकडे डोळे लावून बसणारा तर मीच होतो ना? ते काय सर बसत होते?”

मी तो मोजा उचलला आणि एका बाजूने हात आत घातला. आत ऊब होती. बोटांनी माझी बोटं घट्ट धरली, ओळखीच्या मायेने.

“किती घट्ट धरतोस रे...” मी डोळे मिटून म्हटलं.

“मी अजून हात घातलाच नाहीये,” तो म्हणाला.

मला हात ओढून घ्यावासा वाटला नाही. मी नुसता मोजा त्याच्यापुढे धरला. त्याने दुसऱ्या बाजूने हात आत घातला. माझ्या बोटांवरची ती पकड हळूहळू सैल झाली... आणि बाजूला सरकून तिने जागा करून दिली.

“आता?” मी विचारलं.

“आता मीच आहे,” तो म्हणाला.