काल डोळे चुरचुरले नाहीत

दसऱ्याच्या सकाळी आठला अस्मिताचा फोन वाजला. मालक सुभाषराव होते.

"एका कंपनीतल्या एकोणीस जणांना जुलाब. सगळ्यांनी काल आपलं सॅलड खाल्लंय. लगेच ये."

जुईनगरच्या त्यांच्या किचनमधून ऑफिसांना कापलेल्या भाज्यांचे डबे जात. भाजी आधी ओझोन सोडलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, म्हणजे जंतू मरतात. त्या मशीनची देखरेख अस्मिताकडे होती आणि गिऱ्हाइकांना ती ते छाती फुगवून सांगायची.

आल्या आल्या तिने बयाबाईला सगळ्यांसमोर उभं केलं. शेजारच्या शिरवणे गावातली ही बाई सहा वर्षं भाजी धूत होती. घरात कमावती ती एकटीच.

"हात दाखवा. नखं बघू."

बयाबाईने हात पुढे केले. नखं कापलेली, स्वच्छ होती.

"पोट बिघडलं होतं का तुमचं?"

"नाय."

"भाजी पाण्यात किती वेळ होती?"

"धा मिन्टं. घड्याल बगून."

"काल काही वेगळं झालं?"

"डोलं चुरचुरलं नाय. बरं वाटलं."

"बाईंना काढून टाकू," सुभाषराव म्हणाले. "कंपनीला दुपारपर्यंत नाव द्यायचंय." बयाबाई पदराला हात पुसत उभी राहिली.

अस्मिताला मात्र ते डोळ्यांचं खटकलं. ओझोनचा झेरॉक्सच्या दुकानातल्यासारखा उग्र वास रोज सगळ्यांच्या डोळ्यांना झोंबायचा. मग काल का नाही? तिने नोंदवही काढली. पाण्यातल्या ओझोनचं रीडिंग दर दोन तासांनी ०.५, खाली तिचीच सही. मग ती मशीनपाशी गेली. त्यावरचा कालचा झेंडूचा हार सुकला होता. तिने वाकून बटण निरखलं.

तिने सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं.

"मशीन काल चाललंच नाही. बटणावर कुंकवाचं स्वस्तिक आहे, त्याची एकही रेघ पुसलेली नाही. बटण दाबलं असतं तर बोटाने फिसकटलं असतं. भाजी नुसत्या पाण्यात बुडवली गेली."

"मग रीडिंग?" सुभाषरावांनी विचारलं.

"रोज तेवढंच येतं, म्हणून मी न बघता लिहिलं."

"स्वस्तिक कुणी काढलं?"

"मी. काल खंडेनवमी, सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पूजा केली. 'आज मशीनला कुणी हात लावू नका, त्याला विसावा द्या,' हेही मीच सांगितलं. आणि सॅलड मात्र रोजच्यासारखं जाऊ दिलं." ती बयाबाईकडे वळली. "बयाबाई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मना वाटलं, तुमाला ठावं हाय. पूजा तुमीच केली. आन् आज सगल्यांम्होरं बोलले असते तं तुमचं नाव खराब झालं असतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते अस्मिता स्वतःच्या हाताने करायला निघाली होती. आणि ज्या बाईला तिने चारचौघांत उघडं पाडलं, ती तिचीच लाज झाकत होती. धरणीने पोटात घ्यावं असं अस्मिताला झालं.

"कंपनीला माझं नाव कळवा," ती सुभाषरावांना म्हणाली. मग तिने आपले दोन्ही हात बयाबाईपुढे धरले. अनामिकेच्या नखात कालचं कुंकू अजून होतं.

बयाबाईने वाकून नीट पाहिलं.

"धुवून या," ती म्हणाली. "हितं भाजी हाय."