डोळ्याजवळचं चाक

"यांनी शेवटी काय पाहिलं ते मला पाहायचंय," काकू म्हणाल्या. "बाकी काही नको मला."

पलंगाजवळच्या टेबलावर त्यांच्या यजमानांचा कॅमेरा होता. कोटाच्या खिशात मावणारा, पण मोठमोठ्या कॅमेऱ्यांच्या तोंडाला फेस आणणारा. पडल्यामुळे त्याचा मागचा पडदा कायमचा काळा झाला होता. तरी म्हातारबुवांनी हट्टाने व्ह्यूफाइंडरला डोळा लावून अंथरुणातून फोटो काढले, आणि काढलेले पाहिलेही त्यातूनच. उद्या याच फोटोंचं प्रदर्शन उघडणार होतं. आता म्हातारबुवा नव्हते, आणि ज्यावर फोटो साठतात ते कॅमेऱ्यातलं कार्डही नव्हतं.

काकूंनी बोलावलेल्या, खाजगी शोध घेणाऱ्या बाईंना जुन्या नोकरीमुळे सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यांच्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाऊजी, गाडी चालवायला आणि चुकीचे तर्क लढवायला नेहमी सोबत असत. भाऊजी पलंगासमोरच्या खुर्चीत टेकणार, तोच काकू घाईने म्हणाल्या, "तिथं नको हं. इकडे बसा."

"बाबांच्या शिष्याचंच काम आहे हे," काकूंचा मुलगा म्हणाला. तो जाहिरातींचे फोटो काढायचा. "बाबांचे फोटो स्वतःच्या नावावर खपवणार. काल या खोलीत तो एकटाच होता."

"आणि तुम्ही?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मीही डोकावलो. पण कॅमेऱ्याला आज पहिल्यांदाच हात लावतोय." त्याने जाड चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही हातांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली ठेवला. "लख्ख दिसतंय. कॅमेरा ठणठणीत आहे. फक्त कार्ड गायब."

मग भाऊजींनी आत पाहिलं. "कसला ठणठणीत? सगळं धुकंच धुकं!"

"डोळे तपासा, भाऊजी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"लायसन्ससाठी परवाच तपासले. नंबर नाही!"

मास्तरीणबाई काकूंकडे वळल्या. "काकांना चष्मा होता?"

"मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सुटला. खिडकीतून लांबच्या पाट्या वाचून दाखवायचे मला."

शिष्य आला तोच रडकुंडीला आलेला. "काकू, सरांच्या फोटोंवर मी डल्ला मारीन? उद्या मी लोकांना काय तोंड दाखवू?"

त्याच्याही डोळ्यांवर जाड चष्मा होता. उजव्या काचेवर बारीक गोल ओरखडे होते.

"हे कशाने?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"व्ह्यूफाइंडर घासून. चष्म्याशिवाय मला कॅमेरा धरताच येत नाही." त्याने चष्म्यासकट डोळा लावला आणि चमकला. "हे धूसर कसं? सर असं कधीच ठेवणार नाहीत."

"झालं," भाऊजी पुटपुटले. "कॅमेराच बिघडलाय."

"नाही, भाऊजी. व्ह्यूफाइंडरजवळ हे चाक आहे ना, त्याने आतलं चित्र ज्याच्या त्याच्या नजरेला जुळवतात. बाहेर ओढल्याशिवाय ते फिरत नाही, म्हणजे चुकून फिरलेलं नाही. काकांना चष्मा नव्हता, तुम्हालाही नाही. त्यांनी ठेवलेलं तुम्हाला स्वच्छ दिसायला हवं होतं."

"मग फिरवलं कुणी?"

"ज्याने कार्ड काढण्याआधी फोटो पाहिले त्याने. पडदा काळा, म्हणून डोळा लावावाच लागला. चष्मा काढून पाहायची सवय, म्हणून आधी चाक फिरवलं. काकांचा शिष्य चष्मा लावूनच पाहतो. त्याने फिरवलं असतं, तर आत्ता त्याला धूसर दिसलं नसतं." मग त्या काकूंच्या मुलाकडे वळल्या. "तुम्ही मात्र चष्मा वर सरकवलात आणि चाकाला बोटही न लावता म्हणालात, लख्ख दिसतंय. पहिल्यांदा हातात घेतलेल्या कॅमेऱ्यात?"

मुलाचा चेहरा उतरला. त्याने पाकिटातून कार्ड काढलं.

"एकाही फोटोत मी नाही, आई. रोज तीच रिकामी खुर्ची. सकाळची, दुपारची, दिव्यातली. लोकांनी ती पाहिली असती..."

मास्तरीणबाईंनी कार्ड घातलं, चाक जुळवलं आणि कॅमेरा काकूंच्या हाती दिला. काकू खूप वेळ पाहत राहिल्या.

"खुर्ची मीच मांडायचे," त्या म्हणाल्या. "आज येईल तो, म्हणायचे हे. रोज." मग शिष्याला म्हणाल्या, "उद्या सगळे लाव."

"आई, नको ना."

"खुर्ची कुणाची ते लोकांना कुठे ठाऊक? आपल्याला आहे, तेवढं पुरे." काकूंनी डोळे पुसले. "मी अजून हलवली नाही ती. बस."

तो बसला.