आठवा जोड

आठ ड्रम केबल टाकली की सात जोड होतात. हे गणित चौथीतल्या पोराला येतं, आणि मी तर डिप्लोमा केलाय, दोनदा नापास होऊन का होईना.

फायबरची केबल एका दमात बावीस किलोमीटरची मिळत नाही. ड्रमवर गुंडाळलेले पावणेतीन-पावणेतीन किलोमीटरचे तुकडे येतात. कुंडल ते तासगाव असे आठ तुकडे लागले. जिथे दोन तुकडे भेटतात तिथे आतल्या काचेच्या तारा, केसापेक्षा थोड्याच जाड, मशीनवर ठिणगी देऊन एकजीव करायच्या, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये नीट वेटोळी घालून बसवायच्या आणि सगळं एका काळ्या डब्यात बंद करून तीन फूट खाली पुरायचं. त्या डब्याला आम्ही क्लोजर म्हणतो. गावात डबाच म्हणतात. एका आजोबांनी तो बाँब समजून पोलिसांना फोन केला होता, पण पोलीस आपले जेवणाचे डबे खाऊन मग आले, तोवर आम्ही माती लोटली होती.

क्लोजरचं काम सोपं असतं. पाणी, धूळ, मुंग्या बाहेर ठेवायच्या. आत काय आहे ते आतच राहू द्यायचं.

हे जोड मी करतो. माझं नाव मिलिंद. माझ्याबरोबर हिंदुराव नाना असतात, वय चौसष्ट. तांब्याच्या तारांच्या काळात ते जॉइंटर होते. तेव्हा शिशाच्या नळीत जोड बसवून वरून गरम मेण ओतायचे. मेण थिजेपर्यंत नाना त्यावर हळूच फुंकर मारायचे, असं ते सांगतात. आता त्यांचे हात थरथरतात. चहा बशीत ओतला की निम्मा विजारीवर जातो. ठेकेदाराने त्यांना ठेवलंय ते एकाच कारणासाठी, कुठला डबा कुठे पुरलाय हे त्यांना पाठ आहे. कागदावर यादीही त्यांनीच लिहिलीय. सात नावं. पहिला शाळेच्या कुंपणापाशी, दुसरा ओढ्याच्या अलीकडं, असं.

नाना कुणालाही ‘आवं’ म्हणत नाहीत. कराडहून आमचे सुपरवायझर वीरधवल साहेब येतात, त्यांनाही ‘बस की रं सायेब’ म्हणतात. साहेब बसतात.

दोन वर्षं नानांचं एकच टुमणं होतं.

“मला बी शिकव की रं ह्यो काचंचा जोड.”

“उद्या शिकवतो, नाना.”

“उद्या म्हंजी कवा?”

“आजच्या नंतर.”

नाना हसायचे. मीही. त्यांच्या हातात ती तार दिली तर ती तुटणार आणि बिचारे नानाही तुटणार, हे मला दिसत होतं. म्हणून उद्या.

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी तासगावच्या टोकाला बसून मी शेवटची तपासणी लावली. तपासणीचं यंत्र रिकाम्या तारेतून उजेड सोडतं. जोडापाशी थोडा उजेड परततो, आणि कुठल्या मीटरला जोड आहे ते पडद्यावर दिसतं. पडद्यावर आठ जोड दिसले.

मी यंत्र बंद करून चालू केलं. आठ. तारेचं टोक स्पिरिटने पुसलं. आठ. तार बदलली. आठ. जास्तीचा जोड बरोबर नऊ हजार चारशे मीटरवर होता.

नियमाप्रमाणे तो आलेख साहेबांना पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, हे मी त्यांना सांगायला विसरलो.

“हिंदुरावांची यादी चुकलीये, मिलिंद. मी उद्या येतो. जोड निघाला तर त्यांना घरी बसवू. आता नकाशा मोबाईलवर असतो, त्यासाठी माणूस कशाला ठेवायचा?”

नाना शेजारीच होते. त्यांनी खिशातून यादी काढली, उघडली, सात नावं बोटाने मोजली आणि घडी घालून परत ठेवली.

“चल,” ते म्हणाले. “खांदून बघू.”

नऊ हजार चारशे मीटर म्हणजे पारूबाईंच्या बेदाणा शेडच्या समोर, रस्त्याच्या कडेला. हिरव्या जाळीच्या सावलीत पारूबाई बेदाणा निवडत बसलेल्या. त्यांचा चहा या रस्त्यावर प्रसिद्ध आहे. गवती चहाची पात मुडपून घातलेला आणि इतका गरम, की पिणाऱ्याला आठवडाभर दुसरी चव लागत नाही.

आम्ही खणलं. वर हरळी माजलेली, मुळं अखंड. तीन फुटांवर कुदळ प्लॅस्टिकला लागली.

क्लोजर होतं. नवं कोरं. मी हात लावला तर कोमट लागलं. मार्चच्या उन्हात जमीन तापतेच, असं मी स्वतःला सांगितलं. तीन फूट खाली ती तापत नाही, हेही मीच स्वतःला सांगितलं.

एक गोष्ट सांगायला हवी. केबलच्या अंगावर प्रत्येक मीटरला आकडा छापलेला असतो. जोड करायचा तर दोन्ही बाजूंची दीडेक मीटर केबल सोलावी लागते, तेवढे आकडे जातातच. या डब्यात केबल शिरताना १८०६ होती. बाहेर पडताना १८०७, म्हणजे मधे काही सोललंच गेलं नव्हतं. शिवाय याच केबलवर चार ग्रामपंचायतींचं नेट महिनाभर सुरू होतं. ते एक सेकंदही बंद पडलेलं नव्हतं. पडलं असतं तर चारही सरपंचांनी मला फोन केले असते. ते मला लाईट गेली तरी करतात.

मी झाकण काढलं. आतून वास आला.

“मेण,” नाना म्हणाले.

फायबरच्या क्लोजरमध्ये मेण नसतं. आत कुठे दिसतही नव्हतं. नुसता वास, गरम.

चोवीस तारांचे जोड ट्रेमध्ये बसवलेले होते, वेटोळी इतकी सुबक की मला थोडा रागच आला. ट्रेच्या कडेला मार्करने नाव होतं. आमच्यात पद्धत आहे, ज्याने जोड केला त्याने नाव टाकायचं, ज्याने तपासला त्याने पुढे बरोबरची खूण करायची. अक्षर वाकडंतिकडं, थरथरतं. ‘हिंदुराव’. त्याच्यापुढे हिरव्या शाईत बरोबरची खूण. मी डावखुरा आहे. माझी खूण उलटी पडते, शेपूट डावीकडे. ही खूण उलटी होती.

नानांनी अक्षरावरून बोट फिरवलं. मग नाना हळूच म्हणाले, “अक्षर माजंच हाय.”

“तुम्ही केलाय?”

“न्हाई रं गड्या.”

पारूबाई चहा घेऊन आल्या. मी विचारलं, “मावशी, इथं कुणी खणत होतं का?”

“खणत न्हवतं कोण. बसला होता की तुमी.”

“कोण आम्ही?”

“तू आन् ह्ये म्हातारबा. काल दिसभर. ह्येंच्या मांडीवर त्यो डबा, आन् तू टकामका बघतूयास. मी हाळी मारली दोन-तीनदा. यकानं बी वर बघितलं न्हाई. म्हटलं, कामाला चिकटल्यात बाई, ऱ्हाऊ द्या.”

काल रविवार होता. काल आम्ही कुंडलला नानांच्या पुतण्याच्या साखरपुड्यात होतो, सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत. साठ माणसं साक्षीला. माझे जिलेबी खातानाचे फोटो आहेत. याहून भक्कम पुरावा कोर्टातही चालत नसेल.

“दुसरं कोण तरी आसंल, आक्का,” नाना म्हणाले.

“आता तुमास्नी वळखू न्हाई व्हय मी?” पारूबाई रागावल्या आणि रिकाम्या बश्या घेऊन गेल्या. नानांची बशी नेहमीप्रमाणे अर्धी विजारीवर रिकामी झाली होती.

मंगळवारी अकराला वीरधवल साहेब आले. त्यांनी डबा पाहिला, यादी पाहिली, ट्रेवरचं नाव पाहिलं.

“हिंदुराव, हा जोड तुम्ही केलात? मग यादीत का नाही?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे. आभाळात एक घार होती, तिलाही काही सुचत नव्हतं.

“व्हय,” नाना म्हणाले. “म्याच केला. लिवायचा ऱ्हायला.”

“तुम्ही? काचेचा? मग माझ्यासमोर एक करा. जमलं तर राहा. नाही जमलं तर आजच हिशोब संपवू.”

मी म्हणालो, “साहेब, त्यांचे हात…”

“तू गप, मिलिंद.”

मी मशीन साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर मांडलं. सुट्या केबलचा तुकडा दिला. नाना पुढे झाले. बोटं नेहमीसारखी थरथरत होती. त्यांनी तार चिमटीत धरली.

बोटं थांबली.

तार सोलली. स्पिरिटने पुसली. कापली, काटकोनात. मशीनमध्ये ठेवली. मी दोन वर्षांत त्यांना यातलं काहीच शिकवलं नव्हतं. पाहून पाहून माणूस शिकतो असं म्हणतात, पण पाहून पाहून मी अजून पोहायला शिकलेलो नाही.

ठिणगीच्या आधी नानांनी तारेवर हळूच फुंकर मारली.

हे कुणीही करत नाही. पुसलेल्या काचेवर श्वासाची ओल बसली की जोड वाया जातो. मी ओरडणार होतो. पण माझ्या लक्षात आलं की माझे ओठही तसेच, फुंकर मारताना करतात तसे, गोल झाले होते.

ठिणगी पडली. पडद्यावर जोडातला उजेडाचा तोटा आला. शून्य पूर्णांक शून्य शून्य.

असा आकडा मी एकदाच पाहिला होता, आणि तेव्हा मशीन बिघडलं होतं.

साहेबांनी आकडा दोनदा वाचला. मग नानांचा हात हातात घेतला. “हिंदुराव, तुम्ही राहताय. आजपासून जॉइंटर म्हणून. यादीत आठ लिहा.”

“बस की रं सायेब,” नाना म्हणाले, “चा घिऊन जा.”

नाना त्या दिवशी जेवढे खूश होते तेवढा खूश माणूस मी पाहिला नाही. तासगावच्या स्टँडवर त्यांनी मला भेळ खिलवली. परत येताना मोटरसायकलवर मागे बसलेल्या नानांना मी विचारलं, “नाना, खरं सांगा, कुठं शिकला?”

“तूच शिकवलंस की.”

“कधी?”

“उद्या शिकवतो म्हनाला हुतास न्हवं?” वाऱ्यात त्यांचा आवाज तुकड्यातुकड्याने येत होता. “त्ये उद्या आलं आसंल.”

मला हसू आलं. खरंच आलं. नाना राहिले होते, माझ्या मनावरचं दोन वर्षांचं ओझं कुणीतरी परस्पर उतरवून ठेवलं होतं, आणि फुकटात. तक्रार कुणाकडे करणार?

रात्री जेवण झाल्यावर साखरपुड्याचे फोटो पुन्हा काढून पाहिले. पंगतीत मी आणि नाना शेजारी. दोघांच्याही माना खाली. मला वाटायचं आम्ही जिलेबीकडे बघतोय. फोटो मोठा केला. जिलेबी ताटात पडलेली होती. आमचे हात ताटाच्या वर, हवेत होते. अंगठा आणि पहिलं बोट जुळलेलं, मध्ये काहीतरी फार बारीक धरल्यासारखं. सगळ्या फोटोंत तसेच. दहा ते पाच.

मी मोबाईल चार्जिंगला लावला आणि झोपलो. झोप छान लागली, हे खोटं कशाला सांगू.

शनिवारी सहज म्हणून तपासणी लावली. नऊ जोड.

नववाही शेडसमोरच, आठव्याच्या पुढे सहा मीटरवर. मी खणायला गेलो नाही. साहेबांना आलेखही पाठवला नाही. नेट चालू होतं, नाना खूश होते, सरपंच गप्प होते.

रविवारी दुपारी मी कुंडलला नानांच्या घरी जेवायला गेलो. जेवण झालं. कट्ट्यावर लिंबाच्या सावलीत आम्ही समोरासमोर बसलो. नाना काही बोलत नव्हते, पोट भरल्यावर ते बोलत नाहीत. मलाही डुलकी येत होती.

फोन वाजला. पारूबाई.

“काय मावशी?”

“आरं, हितं बसलायस तर मग फून कसा उचललास? हात मोकळं दिसत न्हाईत तुजं.”

मी नानांकडे पाहिलं. ते माझ्यासमोर होते.

“कुठं आहे मी, मावशी?”

“काय थट्टा लावलीयास. ह्यो काय शेडम्होरं. मी इचारत हुते, चा किती आनू? तिघांचा का?”

“तिघं कोण?”

“तू, म्हातारबा आन् त्ये.”

“ते कोण?”

“आता मला काय ठावं? पाठमोरं बसल्यात. त्येच सांगत्यात आन् तुमी दोघं करताय.” पारूबाईंनी आवाज खाली आणला. “पर थोरलं कुनीतरी आसनार बाबा. म्हातारबा त्यांस्नी ‘आवं’ म्हनत्यात.”

लिंबाखाली वारा नव्हता. समोर नानांचे डोळे अर्धवट मिटलेले होते. ओठ किंचित हलत होते.

“मावशी,” मी म्हणालो, “चहा नको देऊ.”

“दिला की. तू बोलतूयास तवर पोरीनं न्हेला बी. गरम हाय, सांबाळून पी.”

माझ्या जिभेचा शेंडा चटकन भाजला. पाठोपाठ गवती चहाची चव आली.

समोर नानांनी रिकामा हात छातीपाशी आणला. बोटं बशीखाली धरावीत तशी वळलेली. त्यांनी हळूच फुंकर मारली.

हात जराही थरथरत नव्हता.