शेपट्याचे शून्य

काजूच्या बागेतून शेपट्या परतला, तेव्हा त्याच्यामागचे पांढरे कापड धुतल्यासारखे स्वच्छ होते. शेपट्या म्हणजे गोचिडी शोधणारा सहा पायांचा यंत्रमानव. तो जाडसर कापड पाचोळ्यावरून ओढत नेई. वाटेतल्या गोचिडी जनावर समजून त्याला चिकटत आणि मग मोजता येत.

"एकूण गोचिडी शून्य. बाग सुरक्षित," तो म्हणाला.

रुंजीला हे पटेना. त्याच बागेत सकाळी चरून आलेल्या कपिला गाईच्या कानामागे तिने स्वतः नऊ गोचिडी मोजल्या होत्या. मग शेपट्याला एकही कशी सापडली नाही?

पलीकडच्या रानात गेल्या आठवड्यात दोन माकडे मेलेली आढळली होती. म्हणजे माकडतापाचा, गोचिडी चावून माणसालाही होणाऱ्या तापाचा, धोका होता. आणि उद्या सकाळी रुंजीची आई इतर बायकांबरोबर त्याच बागेत काजू वेचायला जाणार होती.

रुंजीचे आजोबा डॉ. विष्णुकांत गवस यांनी चाळीस वर्षे गोचिडींवर संशोधन केले होते. शेपट्याला घेऊन ती त्यांच्याकडे धावली आणि तिने सगळे सांगितले. शेजारच्या सुलभाकाकी तिथेच बसल्या होत्या.

"मशीन खोटां कशाक सांगात?" काकी हसल्या. "तुझ्या आजोबांका सगळीकडे गोचिडीच दिसतत!"

"यंत्र खोटं बोलत नाही, सुलभा. विचारलं तेवढंच सांगतं," आजोबा म्हणाले. "शेपट्या, बागेत किती वाजता गेला होतास?"

"बारा ते दोन. तेव्हा माझ्या सौरपट्ट्यांना (उन्हापासून वीज तयार करणाऱ्या पट्ट्यांना) सर्वांत जास्त ऊन मिळते."

आजोबा ताठ बसले. "अरे, ही तर माझीच चूक!"

"तुमची? तुम्ही तर दुपारभर इथे घोरत होता," रुंजी म्हणाली.

"तरुणपणीची गं! शहरातून येणारी पहिली एसटी साडेअकराला पोहोचायची. मग भर दुपारी कापड ओढायचो आणि वहीत लिहायचो, 'गोचिडी नाहीत.' सलग तीन आठवडे! माझ्या भरवशावर लोक रानात गेले. आमचा वाटाड्या बाबल आठ दिवस तापाने बेशुद्ध होता. वाचला बिचारा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"रानाजवळच मुक्काम ठोकला. दर दोन तासांनी कापड ओढलं. सकाळी सातला चाळीस गोचिडी, दुपारी एकला दोन!"

"मधल्या वेळात त्या जातात कुठे?"

"पाचोळा उचलून पाहिला, तर खाली बसलेल्या! गोचीड हा परजीवी (दुसऱ्याच्या रक्तावर जगणारा जीव). माणसाला जास्त करून चावतात त्या तिच्या पोरी, म्हणजे पिल्लं, खसखशीच्या दाण्याएवढ्या. पानाच्या टोकावर पुढचे पाय पसरून त्या वाट बघतात. त्याच पायांनी त्यांना आपला श्वास आणि घाम कळतो. पण एवढ्याशा अंगात पाणी ते किती? ऊन तापलं की त्या सुकायला लागतात. मग खाली उतरून ओलसर हवेतलं पाणी शोषतात आणि गारवा आला की पुन्हा वर."

"आणि ताप?"

"आजारी माकडाचं किंवा उंदराचं रक्त प्यायलं की विषाणू (साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारा रोगकारक) गोचिडीच्या अंगात राहतो. पुढे ती ज्याला चावेल, त्याच्यात शिरतो."

रुंजीचे डोळे चमकले. "म्हणजे शेपट्याचं शून्य खरं, पण 'बाग सुरक्षित' खोटं! गोचिडी दुपारी वर नव्हत्या, एवढंच!"

"आनि आमी जातो सकाळी सातांक," काकी म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "मगे आमीपण दुपारीच जावया?"

"नको. काजू वेचताना तुम्ही हातांनी पाचोळाच चाळता. त्यांच्या घरातच हात घालाल!"

दुसऱ्या दिवशी साठवलेल्या विजेवर शेपट्या सहालाच निघाला. बायका बागेच्या फाटकाशी थांबल्या. तासाभराने तो आला. कापडावर जणू कोणी खसखस उधळली होती.

"खालच्या उताराजवळ त्रेसष्ट. वरच्या भागात तीन," शेपट्या म्हणाला. "मी काल चुकीचा निष्कर्ष काढला."

"मला तीन आठवडे लागले होते, तू एका दिवसात सुधारलास," आजोबांनी त्याची पाठ थोपटली.

खालचा उतार त्या दिवसापुरता सोडायचे ठरले. वरच्या भागात जाण्यासाठी सगळ्यांनी गोचिडी दूर ठेवणारे तेल लावले, हातमोजे घातले, पायमोजे विजारीवर ओढले. सुलभाकाकी नवऱ्याची विजार घालून आल्या. "हसशात तर मार खाशात!" त्यांनी आधीच बजावले.

दुपारी आई परतली. तिच्या पायमोज्याच्या बाहेरच्या बाजूला एक ठिपका हलत होता. आजोबांनी तो चिमट्याने उचलून बाटलीत टाकला. मग बायकांनी एकमेकींचे अंग तपासले. कातडीवर कोणाच्याच काही नव्हते.

"आजोबा, या गोचिडीत विषाणू आहे का?"

"प्रयोगशाळा चार दिवसांनी सांगेल."

"चार दिवस? हे बागेतच, तिथल्या तिथे कळायला हवं." रुंजी शेपट्यापुढे उकिडवी बसली. "तुझ्या पोटात किती जागा आहे रे?"

"एक काडेपेटी मावेल एवढी."

"एवढीशी प्रयोगशाळा पुरेल," रुंजी म्हणाली.