काश्यप गोत्राचं पाणी

जेवणं आटोपली होती. नेपरव्हिलमध्ये त्या रात्री बर्फ पडायला लागला होता आणि पोरांपैकी कोणालाच गाडी काढायची घाई नव्हती.

"हे माझ्या ओळखीच्या मुलाच्या बाबतीत घडलंय," त्र्यंबककाका म्हणाले. "इथून दहा मिनिटांवर."

"काका, तुमची भुतं नेहमी दहा मिनिटांवरच असतात," वल्लरी म्हणाली. "आणि शेवटी कचऱ्याच्या डब्यातला रॅकून निघतो."

काका हसले. मग त्यांनी सिद्धेशची गोष्ट सांगायला घेतली.

आठ सप्टेंबर दोन हजार सहा, शुक्रवार. सिद्धेश ऑफिसातून सुटला तो थेट इंडियन स्टोअरमध्ये काळे तीळ घ्यायला गेला. कॅलेंडरात पितृपक्षातली प्रतिपदा होती, त्याच्या वडिलांची तिथी. आदल्या वर्षी ते नागपूरला वारले, तेव्हा व्हिसाच्या लफड्यात सिद्धेश इथेच अडकला होता. अग्नी चुलत भावाने दिला. आईने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "पाणी तरी तुझ्या हातचं मिळू दे रे त्यांना. पण उजेडात दे. अंधारात नको."

तो दुपारी देणार होता. पण त्या दिवशी ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. तीळ घेऊन बाहेर पडला तेव्हा सव्वासात झाले होते आणि सूर्य बुडाला होता. उद्यावर टाकलं तर तिथी जाते. उशीर तर उशीर, म्हणत तो घरी आला.

घर गॅल्विन नावाच्या ऐंशी वर्षांच्या आयरिश म्हाताऱ्याचं. सिद्धेश वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. मागे ओढा, आणि ओढ्याकाठी म्हाताऱ्याच्या वडिलांनी उभा केलेला एक दगड. सतराशे अठ्ठ्याण्णव साली आयर्लंडमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, त्याला फ्रेंच सैन्य मदतीला आलं, त्या फ्रेंचांच्या स्मरणार्थ. दर आठ सप्टेंबरला इथे माणसं जमायची, फ्रेंचांची नावं वाचायची. त्या वर्षी गॅल्विन एकटाच खुर्ची टाकून बसला होता.

"सिड, माझे डोळे गेले. यादी तू वाच," तो म्हणाला.

सिद्धेशने टॉर्च धरून यादी वाचली. संपल्यावर पान उलटून बघितलं. मागे कोरं.

"तुमच्या लोकांची नावं?"

"नाहीत. फ्रेंचांकडे हजेरीपट होता. आमचे शेतावरचे लोक, भाले घेऊन आलेले. या तारखेला फ्रेंच शरण गेले. त्यांना कैदी केलं, जेवू घातलं, मायदेशी पाठवलं. आमच्यांना दलदलीत गाठून कापलं. नावं लिहायला कोण उरलं होतं?"

"मग आभार कसले मानता त्यांचे?"

"दुसरं कोणी आलंच नाही, सिड."

सिद्धेशला हे सहन होईना. तो होताच तसा. कॉलेजात असल्यापासून दुसऱ्याच्या अन्यायावर आधी याचंच रक्त उसळायचं. दोनशे वर्षांनीही पाहुण्यांची नावं वाचतात आणि घरच्यांना घोटभर पाणी नाही? तो वर गेला, तांब्या आणि तीळ घेऊन आला, शर्ट काढून जानवं उजव्या खांद्यावर घेतलं.

"हे काय?" गॅल्विनने विचारलं.

"आमच्यात मेलेल्यांना पाणी देतात. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात. आज तुमच्यांना देतो."

"आणि तुझ्या वडिलांना?"

"बाबांचं शेवटी. शांतपणे."

ओढ्याकाठी बसून त्याने ओंजळीत तीळ घेतले, वर पाणी घेतलं. नाव माहीत नसलेल्या, या दिवशी मेलेल्या सगळ्यांना, काश्यप गोत्र... आणि अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडलं.

पडल्याचा आवाज झाला नाही.

त्याने पुन्हा सोडलं. पुन्हा नाही. रातकिडे थांबले होते. ओढाही वाजत नव्हता. मग पलीकडच्या काठावरून एक आवाज आला. ढोरं हौदावर पितात तसा. एकाचा. मग दोघांचा. मग...

"मिस्टर गॅल्विन, पलीकडे कोणी राहतं का?"

म्हातारा खुर्चीत ताठ बसला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबांचं राहिलंय," सिद्धेश स्वतःशीच म्हणाला. तांब्या घाईने कलता केला. रिकामा. मघाशी गळ्यापर्यंत भरला होता. त्याने तांब्या ओढ्यात बुडवला, वर काढला.

कोरडा.

पुन्हा बुडवला. मनगटापर्यंत हात भिजला. तांब्या कोरडा.

चंद्र वर आला होता. पलीकडे माणसं होती. दाटीने. चिखलाने माखलेली. कोणी याच्याकडे बघत नव्हतं. सगळे त्याच्या हातातल्या तांब्याकडे बघत होते.

आणि सगळ्यांच्या मागे... पांढरा हाफ शर्ट. बाबा आयुष्यभर कुठल्याही रांगेत घुसले नव्हते. आताही घुसत नव्हते. आपला नंबर येईल म्हणून उभे होते.

"बाबा."

...

"बाबा, पुढे या ना."

कोणी सरकलं नाही.

त्याने किती वेळा तांब्या बुडवला, त्याला आठवत नाही. तीळ संपले. पहाटे पलीकडे फक्त गवत होतं.

काका थांबले. कोणी पाण्याची बाटलीसुद्धा उचलली नाही.

"पुढच्या वर्षी दिलं असेल ना त्याने?" वल्लरीने हळूच विचारलं. "उजेडात?"

"दिलं. भर दुपारी. भटजी बोलावून. पाणी पडल्याचा आवाज अजून येत नाही."

"पण काका, तो थकलेला होता. अंधार होता. ही कुड हॅव... भास झाला असेल."

"हो. मीही तेच म्हटलं त्याला."

त्या रात्रीनंतर, शनिवारी सकाळीच, सिद्धेशने काकांना बोलावून घेतलं होतं. दोघं पूल ओलांडून पलीकडे गेले. काठावर चिखल होता आणि चिखलात अनवाणी पावलं. एकावर एक, दाट, सगळी पाण्याकडे येणारी. परत जाणारं एकही नाही.

त्यांच्या मागे, जरा अंतर ठेवून, आणखी एक जोडी होती. ती पावलं आली होती, थांबली होती. बराच वेळ थांबली असावीत, टाचा खोल रुतल्या होत्या. मग वळून गवतात निघून गेली होती.

सिद्धेश तिथेच खाली बसला. त्या जोडीतल्या डाव्या पावलाला चारच बोटं होती. त्याचे वडील नागपूरला छापखान्यात होते. तरुणपणी मशीनखाली त्यांच्या डाव्या पायाची करंगळी गेली होती.