सेवा चालू आहे

“मी रोज दहा-बारा घरी जाते. कोणाचं ड्रेसिंग, कोणाचं इंजेक्शन. काम उरकून बाहेर यावं, तर नवरा माझ्या गाडीला टेकून उभा. बोलत काही नाही. नुसता हसतो.”

एवढं सांगून नर्सने आपली वही टेबलावर ठेवली. पाच महिन्यांपूर्वी ती दोन पिशव्या घेऊन घरातून निघाली होती. खोली नवी, नोकरी नवी, फोन नंबर नवा. जुनी होती ती फक्त तिच्या कमाईची, तिच्या नावावरची विजेवर चालणारी गाडी.

“पोलिसांकडे गेलात?” बाईंनी विचारलं.

“गेले. ते म्हणाले, रस्त्यावर कोणीही उभं राहू शकतं.”

खासगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. विमा कंपनीत वीस वर्षं त्यांनी अपघातांचे खोटे दावे पकडले होते. शेजारी त्यांचे कामातले जोडीदार अप्पा बसले होते, जुने मेकॅनिक. अप्पांना गाडीतलं सगळं लगेच कळायचं, माणसातलं जरा उशिरा.

“हे बोट?” बाईंची नजर नर्सच्या वाकड्या करंगळीवर होती.

“दारात चेचलं.” मग ती खाली बघत म्हणाली, “त्याने दार लावलं. मी घर सोडलं, त्याच्या आदल्या दिवशी.”

बाईंनी वही उघडली. नवरा दिसला ती प्रत्येक तारीख त्यात होती.

“सात तारखेपासून बारापर्यंत एकदाही आला नाही?”

“नाही. मला वाटलं, कंटाळला. तेराला पुन्हा हजर.”

“आणि वीसला?”

“गाडी टायरवाल्याकडे होती. मी बसने फिरले. त्या दिवशी नाही आला.”

“म्हणजे तो तुमचा माग काढत नाही, गाडीचा काढतो.”

अप्पा लगेच उठले. तासभर गाडीखाली पडून त्यांनी टॉर्चने कानाकोपरा धुंडाळला. चोरून बसवलेलं काही सापडलं नाही. हात पुसत ते गाडीत बसले, तेव्हा समोरच्या पडद्यावर एक ओळ उमटली: ‘सेवा चालू आहे.’

“ही कसली सेवा?”

“गाडीत कंपनीचं सिम असतं,” नर्स म्हणाली. “गाडी कुठे आहे, चार्जिंग किती उरलंय, सगळं ॲपवर दिसतं. अपघात झाला तर बटण दाबायचं, मदत येते. दोन वर्षं फुकट होतं, मग वर्गणी. मी भरलीच नाही. बंद झालं असेल असं धरून चालले.”

“ॲप कोणाकोणाकडे होतं?”

“गाडी घेतली तेव्हा हौसेनं सगळ्यांना दिलं होतं. नवरा, भाऊ, आई. घर सोडताना नवऱ्याचं नाव मी स्वतः काढलं. नंबर बदलल्यावर माझंच ॲप उघडेना.”

“मग ही वर्गणी भरतंय कोण?” बाई म्हणाल्या.

नर्सने कंपनीला फोन लावला. पलीकडचा आवाज मधाळ होता.

“मॅडम, तुमच्या जुन्या नंबरवर कोड पाठवलाय, तो सांगा.”

“तो नंबर बंद आहे.”

“मग नंबर बदलून घ्या. त्यासाठी जुन्या नंबरवर कोड येईल...”

“अहो, तोच तर बंद आहे! बरं, पैसे कोण भरतं एवढं तरी सांगा.”

“ती ग्राहकाची खासगी माहिती आहे.”

“ग्राहक मीच आहे!”

“मग कोड सांगा ना, मॅडम. नाहीतर गाडीचे मूळ कागद घेऊन कार्यालयात या. पंचेचाळीस दिवसांत काम होईल.”

कागद नवऱ्याच्या कपाटात होते. नर्सने फोन ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं.

“वायरच कापून टाकतो,” अप्पा पुटपुटले.

“कापाल. पण त्याला खबर कोण देतं ते कळलं नाही, तर तो दुसरी वाट काढेल,” बाई म्हणाल्या.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. बाई आणि अप्पा तिथे गेले. काउंटरवर पिवळ्या डब्यांची चळत. माणूस अगदी गोड बोलला.

“बायको आहे माझी. सुखरूप आहे ना, एवढंच बघतो.” त्याने स्वतःहून फोन पुढे केला. “शोधा. कसलंही ॲप नाही.”

खरंच नव्हतं.

“मग ती सापडते कशी?”

“योगायोग,” तो म्हणाला आणि काच पुसायला लागला.

अप्पांचा संशय आता भावावर होता. तो मोबाईल दुरुस्त करायचा आणि आईजवळच राहायचा. तिघं त्यांच्या घरी गेली. गाडी पुढच्या रस्त्यावर लावून तीन जिने चढली. खोल्या मागच्या अंगाला होत्या, खिडक्यांतून फक्त शेजारची भिंत दिसत होती. काळा चष्मा लावलेल्या आईने दार उघडलं.

“अगं, अठ्ठावीस टक्क्यांवर एवढ्या लांब आलीस? परत जाताना बंद पडली म्हणजे?”

“कोपऱ्यावर चार्जर आहे, आई.”

भाऊ टेबलाशी एका फोनचं पोट उघडून बसला होता. बाईंच्या प्रश्नाने तो उखडला.

“माझं ॲप जुन्या फोनाबरोबर गेलं. हिची गाडी मला कशाला हवी? सहा तारखेला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सहा दिवस तिचा फोन या ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवला होता मी. सगळं एकट्याने निभावलं.”

“फोनशिवाय जीव टांगणीला लागला होता माझा,” आई म्हणाली. काळा चष्मा काढून तिने पिवळ्या डबीत ठेवला.

अप्पा बाईंच्या कानाशी लागले. “भाऊच. फोनमधला पक्का उस्ताद दिसतोय.”

बाईंनी मान हलवली आणि आईसमोर खुर्ची ओढली.

“अप्पा, गाडी खाली आहे. इथून ती दिसत नाही. मग अठ्ठावीस टक्के यांना कोणी सांगितले?”

अप्पा खिडकीशी गेले. समोर नुसती भिंत.

“सात ते बारा नवरा आला नाही, कारण तेव्हा यांचा फोन ड्रॉवरमध्ये होता. त्याच्याकडे ॲप नाही, तरी त्याला पत्ता लागतो, म्हणजे कोणीतरी बघून सांगतं. आणि ही पिवळी डबी त्याच्या दुकानातली आहे. जावयाशी बोलणं चालू आहे ना, आई? वर्गणीही तुम्हीच भरता.”

आई गांगरली नाही. उलट तिला सुटल्यासारखं वाटलं असावं.

“मेसेज आला, सेवा बंद होणार म्हणून. भरली मी. एकटी हिंडते पोरगी, मदतीचं बटण तरी चालू राहू दे. आणि जावई रोज फोन करतो. रडतो. म्हणतो, कुठे आहे तेवढं सांगा, लांबून बघून येतो. मला वाटलं, जुळेल पुन्हा.”

“आई, माझी करंगळी त्याने चेचली.”

“तू म्हणाली होतीस, दारात सापडली.”

“दार कोणी लावलं ते नाही सांगितलं. तुझं ब्लडप्रेशर वाढेल म्हणून.”

आईने मुलीचा हात धरला आणि ते बोट नुसती बघत राहिली.

“आज काय विचारलं त्याने?” बाईंचा आवाज खाली आला.

“रोज मुक्कामाला गाडी कुठे असते.” आईने मुलीचा हात सोडला नाही. “मी सांगितलं. हिरव्या फाटकाची इमारत.”

नर्सने खोलीची चावी काढून टेबलावर ठेवली. पाच महिने जपलेली खोली एका वाक्यात गेली होती. आता काय करायचं ते बाईंनाही सुचत नव्हतं, हे अप्पांना पहिल्यांदाच दिसलं. भाऊ चावी घेऊन तिचं सामान आणायला धावला.

आईने फोन उघडला. वर्गणी थांबवली, मग ॲपही काढून टाकलं.

“आता कुठे राहशील गं?” तिने सवयीने विचारलं आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. “नको. सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. तो रडला की मला राहवत नाही.”

नर्सने तिला घट्ट मिठी मारली आणि बाईंबरोबर जिना उतरली. अप्पा मागे राहिले, बुटाची नाडी बांधत.

आई कठड्याशी वाकून कान देऊन उभी होती.

“गेली का?”

“जाईल आता.”

“गाडी सुरू झाल्याचा आवाज नाही आला अजून.”

त्या गाडीला आवाज नसतो, हे अप्पांनी तिला सांगितलं नाही. ते तिच्याशेजारी तसेच उभे राहिले.